थायरॉइड मेंदूपर्यंत कसे पोचते : प्रस्तावना

नागपुरात थायरॉइड हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. धंतोली किंवा रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजीत सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांत ‘थायरॉइड करायला’ आलेल्या बायका असतातच. वजन, केस गळणे, थकवा, पाळीची अनियमितता यांच्याशी या ग्रंथीचे असलेले नाते घरोघरी ठाऊक झाले आहे. पोटातल्या बाळाच्या मेंदूशी असलेले तिचे नाते मात्र अजून डॉक्टरांच्या खोलीतच राहिले आहे, आणि तिथेही ते बहुधा एका वाक्यात उरकते : ‘गोळी चुकवू नका, बाळासाठी हवी.’ ती का हवी, गोळीतले औषध बाळाच्या डोक्यापर्यंत कोणत्या वाटेने जाते, वाटेत त्याला कोण धरते आणि कोण सोडते, हे सांगायला बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत कुणाला वेळ मिळत नाही. ज्या पुस्तकाला ही प्रस्तावना जोडली आहे ते नेमके तेवढ्याचसाठी लिहिले आहे.

थायरॉइड संप्रेरकाला धरून ठेवणारी प्रथिने आणि घडणाऱ्या मेंदूत त्यांचे काम हा पुस्तकाचा विषय आहे. तो अरुंद वाटेल, पण मला तो फार मोठा वाटतो. ग्रंथी, गोळी आणि रिपोर्ट एवढ्यातच आपले सगळे बोलणे संपते. ग्रंथीने किती संप्रेरक तयार केले हे आपण मोजतो. मेंदूच्या एखाद्या कोवळ्या पेशीला ते योग्य आठवड्यात मिळाले की नाही, हे त्या मोजणीत दिसत नाही. ते ठरते वाहून नेणाऱ्या आणि धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर. त्यांच्या बाजूने पाहिल्याशिवाय थायरॉइडची गोष्ट अर्धीच राहते, असे माझे मत आहे आणि या प्रस्तावनेत मला तेच सांगायचे आहे.

आधी मूळ गोष्ट. ग्रंथीतून मुख्यतः थायरॉक्सिन बाहेर पडते. त्यात आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-फोर म्हणतात. त्यातला एक विशिष्ट अणू काढला की टी-थ्री तयार होते, आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांना जागे किंवा शांत करण्याचे काम प्रामुख्याने हे टी-थ्री करते. दोन्ही रेणू पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यामुळे रक्तात ते प्रथिनांना धरूनच फिरतात. अशी प्रथिने मुख्यतः तीन : टीबीजी, ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिन. टीबीजी यकृतात तयार होते. रक्तात त्याचे प्रमाण अगदी थोडे असते, पण त्याची पकड इतकी घट्ट असते की रक्तातल्या टी-फोरचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एकटे तेच सांभाळते. उरलेला भाग ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिन वाटून घेतात. टी-फोरच्या दर दहा हजार रेणूंमागे दोन-तीनच मोकळे असतात, आणि पेशीत शिरतात ते हे मोकळे रेणू.

यावरून वैद्यकीय अभ्यासक्रमात पिढ्यान्‌पिढ्या एक सोपा अर्थ शिकवला गेला : मोकळे संप्रेरक कामाचे आणि बांधलेले संप्रेरक म्हणजे नुसता साठा. परीक्षेत दोन ओळी लिहिल्या की विषय संपतो. हे चूक नाही, पण फार अपुरे आहे. १९८७ साली मेंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतावर केलेला एक प्रयोग मला या संपूर्ण विषयाचे दार वाटतो. त्यांनी यकृतातून एकदा नुसता, प्रथिनविरहित द्रव सोडला आणि एकदा प्रथिनयुक्त द्रव. दोन्हींत थायरॉक्सिन होते. प्रथिने नव्हती तेव्हा द्रव जिथून आत शिरतो तिथल्या पहिल्याच पेशींनी जवळजवळ सगळे थायरॉक्सिन उचलले आणि आतल्या पेशी कोरड्या राहिल्या. प्रथिने होती तेव्हा यकृताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थायरॉक्सिन सारखे वाटले गेले. पेंच प्रकल्पाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. तोंडाशी असलेल्यांनी पाणी अडवून घेतले की टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काही येत नाही, आणि धरणात पाणी भरपूर असले तरी त्याचे पीक जळते. रक्तातली ही प्रथिने संप्रेरक धरून ठेवतात, थोडे थोडे सोडत जातात, आणि त्यामुळेच ते टेलपर्यंत पोचते.

मेंदूच्या बाबतीत हे टेल फार दूर आहे. आईच्या यकृतातून, वारेतून, बाळाच्या रक्तातून आणि मग रक्त व मेंदू यांच्यामधल्या अडसरातून पलीकडे जायचे असते.

गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात आयोडीन ओढायला लागते, आणि तिचे काम नीट सुरू व्हायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. मेंदू तोवर थांबत नाही. फिनलंड आणि स्पेनमधल्या संशोधकांनी १९८४ साली दाखवले की दहाव्या आठवड्यातल्या मानवी गर्भाच्या मेंदूत टी-थ्रीला प्रतिसाद देणारी ग्राहक प्रथिने हजर असतात. म्हणजे घेणारा तयार आहे आणि देणारी ग्रंथी अजून तयार नाही. त्या काळात जे मिळते ते आईचे. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा नेदरलँड्समधून १९८९ साली आला. ज्या बाळांना जन्मतःच स्वतःचे थायरॉक्सिन अजिबात बनवता येत नव्हते, त्यांच्या नाळेच्या रक्तातही नेहमीच्या एक पंचमांश ते निम्मे थायरॉक्सिन सापडले, आणि जन्मानंतर ते झपाट्याने उतरत गेले. ते सगळे आईकडून आलेले होते. माद्रिदमध्ये गॅब्रिएला मोर्रेआले दे एस्कोबार यांनी उंदरांवर केलेल्या कामातून आणखी एक गोष्ट कळली : गर्भाच्या मेंदूला वाचवते ते आईचे टी-फोर. आईला नुसते टी-थ्री दिले तर गर्भाच्या इतर अवयवांना त्याचा उपयोग होतो, पण मेंदूला होत नाही. मेंदू आपल्याला लागणारे टी-थ्री बहुतांशी स्वतःच्या आवारात टी-फोरपासून बनवून घेतो. म्हणून टी-फोर वाहून आणणारी प्रथिने इथे इतकी महत्त्वाची ठरतात.

गरोदरपणात आईच्या शरीरातही याची तयारी होते. इस्ट्रोजेन वाढते, त्याच्या परिणामाने टीबीजी रक्तातून लवकर निघून जात नाही, आणि पाचव्या महिन्यापर्यंत त्याचे प्रमाण दुप्पट-अडीचपट होते. तेवढ्या जादा प्रथिनाला भरायला जादा थायरॉक्सिन लागते. निरोगी ग्रंथी ते बनवते, अट एकच : आईच्या जेवणात आयोडीन पुरेसे हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एरवी रोज १५० मायक्रोग्रॅम पुरते, गरोदरपणात २५० लागते. जी बाई आधीपासून गोळी घेते तिची ग्रंथी मात्र असा जादा पुरवठा करू शकत नाही, म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टर तिचा डोस साधारण पाव हिश्श्याने वाढवतात. ‘माझं थायरॉइड तर नॉर्मल आलं होतं, मग डोस का वाढवला?’ हा प्रश्न दवाखान्यात रोज विचारला जातो. त्याचे खरे उत्तर टीबीजीत आहे. रिपोर्ट वाचतानाही हेच लक्षात ठेवावे लागते. गरोदर बाईचे एकूण टी-फोर नेहमीच्या आकड्यापेक्षा दीडपट दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. वाढले आहे ते वाहक, आणि वाहकांसोबतचा साठा.

आपल्याकडच्या रीतीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पहिलटकरणीला बाळंतपणासाठी माहेरी नेतात ते सातव्या महिन्यात, ओटीभरणानंतर. तिची खरी काळजी, खाणेपिणे, तपासण्या यांना घरात जोर चढतो तो तेव्हा. बाळाच्या मेंदूच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक आठवडे त्याआधी कधीच निघून गेलेले असतात. ते सासरी गेलेले असतात, कधी शेतात निंदण-खुरपण करताना, कधी अजून कुणाला सांगितलेलेही नसताना. आशाताई बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा म्हणून मागे लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली गरोदरपणातल्या थायरॉइड तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तीही पहिल्याच भेटीवर भर देतात.

आता मेंदूच्या आत जाऊ. मेंदूत पोकळ्या असतात आणि त्यांत स्वच्छ द्रव भरलेला असतो. हाच द्रव पुढे मणक्यात उतरतो, आणि दवाखान्यात ‘पाठीतलं पाणी’ काढतात ते हेच. तो तयार होतो कोरॉइड प्लेक्सस नावाच्या, पोकळ्यांत लोंबणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या झुपक्यांत. मेलबर्नमध्ये गेरहार्ड श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवले की हे झुपके ट्रान्सथायरेटिन प्रचंड प्रमाणात बनवतात आणि थेट मेंदूच्या द्रवात सोडतात. रक्तात टीबीजी पहिल्या क्रमांकावर असते. मेंदूच्या द्रवात थायरॉक्सिनचा मुख्य वाहक ट्रान्सथायरेटिन ठरते. चार सारख्या तुकड्यांच्या या प्रथिनाच्या मधोमध एक नळी असते आणि तिच्यात थायरॉक्सिनसाठी दोन जागा असतात. वारेच्या पेशीही ट्रान्सथायरेटिन बनवतात. म्हणजे आईकडून बाळाकडे जाताना आणि बाळाच्या मेंदूत शिरल्यावर, अशा दोन उंबरठ्यांवर तेच प्रथिन उभे आहे.

उत्क्रांतीच्या इतिहासात हे प्रथिन कुठून कुठे आले ते वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ विचार करत बसलो. माशांत आणि बेडकांत ट्रान्सथायरेटिन यकृतात बनते आणि ते टी-थ्रीला जास्त घट्ट धरते. पावसाळ्यात डबक्यांत दिसणारे बेडूकमासे पाय फुटून बेडूक होतात ते थायरॉइड संप्रेरकामुळेच. गुडरनाच यांनी १९१२ साली बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून हे दाखवून दिले होते. कोरॉइड प्लेक्ससमध्ये हे प्रथिन बनायला लागले ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पूर्वजांपासून, आणि सस्तन प्राण्यांपर्यंत येता येता त्याची पकड टी-थ्रीवरून टी-फोरकडे सरकली. मेंदू मोठा आणि गुंतागुंतीचा होत गेला तसा त्याने स्वतःचा वाहक ठेवला आणि कच्चा माल घेऊन पक्का माल घरी बनवण्याची पद्धत पत्करली, असा या क्रमाचा एक अर्थ लागतो.

इतकी सुंदर मांडणी झाल्यावर वाचकाला धक्का देणारी गोष्टही सांगितली पाहिजे, आणि लेखकाने ती लपवलेली नाही. १९९३ साली ट्रान्सथायरेटिनचे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. ते जगले, त्यांना पिल्ले झाली, त्यांच्या मेंदूत थायरॉइडची ठळक कमतरता दिसली नाही. रक्तातले टी-फोर तेवढे खूप उतरले होते. मग या प्रथिनाचा उपयोग काय? काहींनी तेव्हा त्याला निरुपयोगी ठरवून टाकले. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. शरीरात एकाच कामाला तीन-तीन वाहक आहेत ते याचसाठी, की एक नसला तर दुसऱ्याने भागवावे. आणि प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात भरपूर आयोडीन मिळणाऱ्या उंदराला जे परवडते, ते आयोडीनच्या टंचाईत वाढणाऱ्या गर्भाला परवडेलच असे म्हणता येत नाही. वाहक प्रथिनांची किंमत टंचाईतच कळते.

उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण पेशीच्या आवरणातल्या एमसीटी-८ या प्रथिनाने दिले. संप्रेरक आपोआप पेशीत झिरपते ही जुनी समजूत होती, पण त्याला आत शिरायला दार लागते. २००३ साली एमसीटी-८ हे ते दार असल्याचे कळले, आणि २००४ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की या दाराचे जनुक बिघडलेल्या मुलांचा मेंदू गंभीररीत्या अविकसित राहतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुलग्यांना होतो. मान धरता येत नाही, बसता येत नाही, बोलता येत नाही. अॅलन, हर्नडन आणि डडली या अमेरिकन संशोधकांनी असे एक कुटुंब १९४४ सालीच नोंदवले होते, पण कारण कळायला साठ वर्षे लागली. या मुलांच्या रक्तात टी-थ्री कमी नसते, उलट वाढलेले असते. संप्रेरक दाराबाहेर साचते आणि मेंदू आत उपाशी राहतो. उंदरात मात्र नुसते हे दार बंद केले तर फारसे काही बिघडत नाही, कारण त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांत टी-फोरसाठी ओएटीपी-१सी१ हे दुसरे दार भरपूर असते, जे माणसात फार कमी आहे. दोन्ही दारे बंद केल्यावरच उंदीर माणसासारखा आजारी पडला. ट्रायॅक नावाचे औषध या दाराशिवाय पेशीत शिरू शकते. त्याने या मुलांच्या शरीरावरचा जादा टी-थ्रीचा ताण कमी होतो, पण मेंदूचे गर्भातच झालेले नुकसान भरून निघाल्याचे दिसलेले नाही. जन्मतः केल्या जाणाऱ्या टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाच्या, तपासणीत ही मुले सापडत नाहीत, हे प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने लक्षात ठेवावे.

दारातून आत आल्यावरही प्रवास संपत नाही. मेंदूतल्या ताराकार आधारपेशी टी-फोरचे टी-थ्री करतात आणि शेजारच्या चेतापेशींना पुरवतात. चेतापेशींकडे जादा टी-थ्री निष्प्रभ करणारे विकर असते. शिवाय पेशीतल्या द्रवात टी-थ्रीला धरून ठेवणारी आणखी प्रथिने आहेत. त्यांतले म्यू-क्रिस्टॅलिन मला विशेष आवडते. ते प्रथम सापडले कांगारूच्या डोळ्याच्या भिंगात, आणि मग कळले की मेंदूत तेच टी-थ्री धरून ठेवण्याचे काम करते. २००३ साली जपानी संशोधकांना काही कर्णबधिर व्यक्तींत याच्या जनुकातले बिघाड सापडले. आतल्या कानाच्या घडणीला थायरॉइड संप्रेरक लागते हे आधीच माहीत होते. गलगंडाच्या पट्ट्यांत मुकी-बहिरी माणसे जास्त का आढळत, याचा धागा अशा एका प्रथिनापर्यंत येऊन पोचतो.

हा विषय परदेशी प्रयोगशाळांतच घडला असे वाचकाला वाटू नये. पंजाबातल्या, म्हणजे आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखभर लोकवस्तीत प्रयोग केला. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड झपाट्याने उतरला, तिसऱ्यातला तसाच राहिला, मग तिथेही आयोडीनयुक्त मीठ दिले गेले. याच बळावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हिमालयातल्या गलगंडाच्या शरीरविज्ञानावर रामलिंगस्वामींच्या बरोबरीने काम करणाऱ्यांत एम. जी. करमरकर आणि एम. जी. देव ही नावे आहेत. पुढे एन. कोचुपिल्लै, चंद्रकांत पांडव, मदन गोडबोले यांनी उत्तर प्रदेशातल्या तराईत नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात थायरॉक्सिन मोजले आणि प्रश्न गळ्याच्या गाठीचा नसून मेंदूचा आहे हे देशासमोर ठेवले. १९९२ साली कार्यक्रमाचे नाव बदलून ‘आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण’ असे झाले, त्यामागे ही जाणीव होती. गोडबोले यांच्या लखनऊच्या प्रयोगशाळेने नंतर थायरॉइड कमी पडल्यावर उंदराच्या पिलांच्या लहान मेंदूत पेशी कशा मरतात आणि आईचे थायरॉइड कमी असले तर गर्भाच्या मेंदूच्या बाह्यस्तरात नव्या चेतापेशी कशा कमी जन्मतात, हे दाखवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने प्रौढ मेंदूतही नव्या चेतापेशींच्या निर्मितीत या संप्रेरकाचा हात असल्याचे सिद्ध केले.

आणि नागपूर? नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे मेंदूतल्या लहान प्रथिनरेणूंचे नकाशे तयार केले. २००७ साली मागूर माशाच्या मेंदूतल्या ‘कार्ट’ या रेणूवरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात प्रफुल्ल सिंगरू होते, आणि थायरॉइडचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूतल्या पेशींवर आयुष्य घालवलेले बॉस्टनचे रोनाल्ड लेचन हेही होते. कार्ट हा रेणू सस्तन प्राण्यांत थायरॉइडला हुकूम देणाऱ्या त्याच पेशींत सापडतो. वाहक प्रथिनांवरचे ते काम नव्हे, पण मेंदू आणि थायरॉइड यांच्यातल्या संवादाच्या वरच्या टोकाचे ते आहे, आणि ते अमरावती रोडवरच्या आपल्या विद्यापीठात झाले. नागपूरच्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत आहे, या विचाराने मला वाईट वाटते.

आता पुन्हा आयोडीनकडे आणि मिठाकडे वळू. विदर्भाला समुद्र नाही. १९३० साली इथे मिठाबरोबर जंगलाचाही सत्याग्रह करावा लागला तो त्यामुळे. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात दहीहंडा इथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ केले गेले, तेवढेच. आजही आपले मीठ बाहेरून येते, आणि त्याबरोबर आयोडीनही बाहेरून येते. खाण्याच्या मिठात आयोडीन असलेच पाहिजे असा नियम २००६ पासून देशभर आहे आणि घरात पोचेपर्यंत दर किलोत किमान १५ मिलिग्रॅम उरले पाहिजे. २०१८-१९च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ७६.३ टक्के घरांत तेवढे आढळले. उरलेल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यात कुणाच्या ना कुणाच्या पोटात बाळ आहे. जाडे मीठ धुऊन वापरणे, मीठ चुलीशेजारी उघडे ठेवणे या सवयींनीही आयोडीन जाते.

शेवटचा मुद्दा पुस्तकाच्या सगळ्यात उपयोगी प्रकरणाशी जोडलेला आहे. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात मीना देसाई यांच्या गटाने १९८०च्या दशकात नवजात बाळांचे रक्त गाळणकागदावर घेऊन थायरॉक्सिन तपासायला सुरुवात केली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत २५ हजारांवर बाळांत दर २,६४० मागे एकाला जन्मजात थायरॉइड न्यूनता आढळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाच केंद्रांवरच्या, लाखाहून जास्त बाळांच्या अभ्यासात, २०१८ साली, हे प्रमाण १,१३० मागे एक निघाले. इथे वाहक प्रथिन पुन्हा समोर येते. नुसते थायरॉक्सिन मोजले तर ज्या मुलात जन्मतःच टीबीजी नाही त्याचाही आकडा खूप कमी येतो. त्याचे मोकळे थायरॉक्सिन आणि टीएसएच मात्र ठीक असते. त्याला कसलाही आजार नसतो, गोळीची गरज नसते. हे न ओळखता एखाद्या निरोगी बाळाला वर्षानुवर्षे औषध दिले जाऊ शकते. म्हणून आज पहिली तपासणी बहुतेक ठिकाणी टीएसएचची होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्याच्या मूळ तीस आजारांच्या यादीत जन्मजात थायरॉइड न्यूनता आहे, पण सिकलसेल आणि थॅलेसेमियाबरोबर ऐच्छिक म्हणून. गोव्याने २००८ मध्येच सरकारी खर्चाने नवजात तपासणी सुरू केली होती. नागपूरलाही हे अवघड नाही. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलसाठी नवजात बाळांची तपासणी वर्षानुवर्षे चालवली आणि त्याचे निष्कर्ष जगासमोर मांडले. विदर्भातल्या आईला ‘बाळाचं रक्त तपासायचं आहे’ हे वाक्य नवे नाही. त्याच वेळी थायरॉइडसाठीही थेंबभर रक्त घेतले तर त्याचा जादा खर्च फार होत नाही. मेडिकल, मेयो, डागा आणि ग्रामीण रुग्णालयांत ही तपासणी ऐच्छिक न राहता प्रत्येक बाळाची व्हावी, अशी माझी आरोग्य विभागाला आग्रहाची मागणी आहे.

वाचकांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. पुस्तकातली रसायनांची प्रकरणे जड वाटली तर ती सोडून पुढे जा. गरोदरपणाचे आणि नवजात तपासणीचे प्रकरण जरूर वाचा. घरात कुणाला दिवस गेल्याची शंका असेल तर पहिल्याच भेटीत थायरॉइडबद्दल विचारा, आणि गोळी चालू असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. बाळ जन्मल्यावर दवाखान्यातून घरी नेण्याआधी, जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर, टाचेच्या रक्तावर टीएसएच तपासली का एवढे विचारा. तपासली नसेल तर तपासून घ्या आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय स्वस्थ बसू नका. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर यातली बहुतेक मुले इतर मुलांसारखीच शिकतात आणि वाढतात.